भाड्याच्या पैशाने खेळ बाटत नाही

कॉलेजच्या जिमखान्याची बैठक असो, गावच्या पारावरच्या गप्पा असोत की सत्कार समारंभानंतरचा चहा, खेळाडूंच्या घरच्यांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. खेळाडूला टीए-डीए मिळतो, तेवढं पुरे. आई-बापांना मॅच बघायची हौस असेल तर त्यांनी स्वतःच्या खिशातून यावं. गावाने, दुकानदाराने, सोसायटीने पोरांना बूट, सायकल, रोख रक्कम देऊ नये. त्याने पोरं शेफारतात आणि मिंधी होतात. खेळ निष्ठेने खेळायचा असतो. आम्ही अनवाणी खेळलो, कुणी पाच पैसे दिले नाहीत, तरी खेळलोच ना?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हे मत इतकं मुरलं आहे की त्याला आता नियमाची किंमत आली आहे. कुणी त्याची कारणं विचारत नाही, कुणी देतही नाही. मला ते साफ अमान्य आहे. ते चुकीचं आहेच, शिवाय अन्यायाचं आहे. त्याचा भुर्दंड नेमका त्या घरांवर पडतो ज्यांच्याकडे देण्यासारखं सर्वांत कमी आहे. म्हणून या मताचा एकेक मुद्दा घेऊन त्याचं उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा हौसेचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पसाऱ्यात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात. मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर, नारायणगाव इथल्या कॉलेजांतला खेळाडू आधी आपल्या विभागातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तिथे निवड झाली की आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, आणि मग पश्चिम विभागाच्या किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. म्हणजे आज बारामती, पुढच्या आठवड्यात नाशिक, आणि नशीब जोरावर असेल तर राजस्थान किंवा गुजरात. कागदावर ही शिडी सगळ्यांना सारखीच आहे. पुण्यात कोथरूडला राहणारी मुलगी आणि या तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यातल्या आहुप्याची मुलगी एकाच पायरीवरून चढतात, असं आपण धरून चालतो.

पण आहुपे, तिरपाड या बाजूची मुलगी आधी घोडेगावला येते, मग मंचरला आणि मग पुण्याच्या गाडीत बसते. हातवीज, इंगळूनची मुलगी आधी जुन्नरला उतरते आणि तिथून शिवाजीनगरची एसटी पकडते. जुन्नर ते पुणे हेच अंतर सुमारे 95 किलोमीटर आहे. सकाळी आठला मैदानावर हजेरी असेल तर त्याच दिवशी घरून निघून भागत नाही. आदल्या दिवशी निघायचं, कुणा नातेवाइकाकडे पथारी टाकायची आणि पहाटे मैदान गाठायचं. एकोणीस वर्षांच्या मुलीबरोबर कुणीतरी जातंच. जो जातो त्याचे दोन दिवस बुडतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम आणि पश्चिम पट्ट्यातली भात कापणी एकाच वेळी येते. भात निघालं की हीच कुटुंबं खाली बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथे उभं राहिलं तर त्या दिवसाचं काम मिळतं. मुलीबरोबर पुण्याला गेलेला बाप त्या दिवशी तिथे उभा नसतो. तिकीट, खाणं आणि बुडालेला रोज, तिन्ही त्या एका दिवसाच्या खात्यावर चढतात. हिरडा विकून जे चार पैसे हाताला लागले, त्यातूनच पोरीचे स्पाइक्स आलेले असतात.

आता मैदानावर त्या आईकडे जरा नीट बघा. ती कुंपणाला टेकून उभी असते. खांद्याच्या पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या, मुलीचा कोरडा पंजाबी ड्रेस. हातात मुलीचं ओळखपत्र आणि प्रवेशिकेची झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. हीट म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, पण माइकवर मुलीचा चेस्ट नंबर पुकारला की ते तिला कळतं. शर्यत संपल्यावर मुलीच्या पोटरीत गोळा येतो तेव्हा पाय चोळायला तीच असते, कारण कॉलेजच्या क्रीडा संचालकांना एकाच वेळी गोळाफेकीचा मुलगा, रिलेची चौकडी आणि नोंदणीचं टेबल सांभाळायचं असतं. ही बाई तिथे मजा बघायला आलेली नाही. संस्थेने जे माणूस पाठवायला हवं होतं ते तिने स्वतःच्या खर्चाने पाठवलं आहे, आणि ते माणूस ती स्वतः आहे. याला हौस म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर पहिल्या गाडीने पुण्याला जाऊन दाखवावं.

आणि कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च सार्वजनिक पैशातून करणं ही कल्पना आपल्याला नवी आहे का? सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते आणि त्यात त्याचं कुटुंब धरलेलं असतं. बदली झाली की बायकामुलांचा प्रवास आणि सामानाची वाहतूक मिळते. ते योग्यच आहे. कामाचा भार घरावर पडतो हे तिथे मान्य केलेलं आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, त्याने एकाही बाईची कष्टाची सवय मोडली नाही. मग विद्यापीठाचा झेंडा छातीवर लावून धावणाऱ्या मुलीच्या आईला ते उरलेलं अर्धं तिकीट दिलं तर नेमकं काय बिघडतं? घरातला पगारदार सरकारच्या कामाला जातो तेव्हा घर मोजायचं, आणि घरातली पोर विद्यापीठाच्या कामाला जाते तेव्हा घर मोजायचं नाही, हा हिशेब कुठल्या न्यायात बसतो?

दुसरा मुद्दा निष्ठेचा. पैसा आला की खेळातली निष्ठा जाते, असं म्हणणारे बहुतेक वेळा पैलवान खाशाबा जाधवांचं नाव घेतात. म्हणून खाशाबांचीच गोष्ट नीट पाहू. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथे ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी मागितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. तेव्हा कुठे खाशाबा हेलसिंकीला पोचले आणि 57 किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या गोष्टीतून निष्ठेचा कोणता धडा निघतो? पैसे घेतले नाहीत म्हणून खाशाबा जिंकले, असा तर मुळीच निघत नाही. त्यांनी पैसे घेतले. राजाकडून घेतले, गावाकडून घेतले, कॉलेजच्या प्राचार्यांकडून घेतले. आजच्या या नीतिमान मताने पाहिलं तर ही सगळी भेटच होती, आणि प्राचार्याने खेळाडूसाठी घर गहाण टाकणं हा तर मोठाच नियमभंग. ते पैसे घेतले म्हणून खाशाबांची निष्ठा कमी झाली का? परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचं कर्ज फेडायला हातभार लावला. मिंधेपण नव्हे, याला कृतज्ञता म्हणतात. एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं, ही त्या काळाच्या व्यवस्थेची लाज होती. तिला आदर्श म्हणून मिरवणं म्हणजे खर्डेकरांचा मोठेपणा मान्य करून व्यवस्थेला माफ करणं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत मिळवलं. बहात्तर वर्षं आपण निष्ठा शिकवत राहिलो आणि खर्च घरांवर सोडत राहिलो.

खेळाडूने पैशाला हात लावायचा नाही, हा दंडक आला कुठून, हेही पाहायला हवं. तो आपल्या तालमीतून आलेला नाही. आपल्याकडे यात्रेतल्या कुस्तीला इनाम असतं, आणि ते सगळ्यांसमोर पुकारून दिलं जातं. हा दंडक विलायतेतला आहे. 1879 मध्ये हेन्ली इथल्या प्रसिद्ध बोट शर्यतीच्या नियमांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली, तेव्हा मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर हा हौशी खेळाडू असूच शकत नाही, असं लिहून टाकलं. कारण उघड होतं. दिवसभर अंगमेहनत करणारा माणूस साहेबांच्या पोरांना हरवेल, ही भीती. ज्याच्या घरी जमीन, घोडे, नोकर आहेत त्याला खेळायला पैसे लागत नाहीत. ज्याला लागतात त्याला बाहेर ठेवायचं. पैसे न घेण्याच्या सद्गुणाचा उगम असा आहे.

त्याच नियमाने जिम थॉर्पचा घात केला. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा हा विद्यार्थी 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकला. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, कारण त्याने आधी किरकोळ पैशासाठी छोट्या संघांतून बेसबॉल खेळलं होतं. ऑलिंपिक समितीने आपली चूक 1982 मध्ये मान्य केली, तेव्हा थॉर्प हयात नव्हता. त्या दोन स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा नोंदवायला तर 2022 उजाडलं. एकशे दहा वर्षं. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतून मुलं धावायला, कुस्तीला, कबड्डीला पुढे येत आहेत. त्यांच्यापुढे आपण तोच जुना विलायती अडसर आणून टाकणार आहोत का?

तिसरा मुद्दा भेटीचा आणि मिंधेपणाचा. इथे मला आपल्याच बैलगाडा शर्यतींच्या घाटांकडे बोट दाखवावं लागतं. या शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर इथले घाट पुन्हा गाजू लागले. प्रत्येक गाड्याची बारी, म्हणजे धाव, सेकंदात मोजतात, घाटाचा राजा ठरतो आणि त्याला मोटारसायकल देतात. मोठ्या शर्यतींत याहून मोठी बक्षिसं लागतात. गाडामालक ते मानाने घरी नेतो. त्याचा आनंद मी जाणतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे बैल बक्षिसाने शेफारतील किंवा मालक मिंधा होईल, असं तिथे कुणी म्हणत नाही. त्याच गावात ग्रामपंचायतीने विद्यापीठ संघात निवडलेल्या मुलीला दहा हजार रुपये द्यायचं ठरवलं की मात्र शंका सुरू होतात : कशाला, कुणाच्या सांगण्यावरून, उद्या दुसरी मागेल तर काय? एकाच गावाला दोन नीती कशा चालतात?

मिंधेपणाची खरी भीती मी नाकारत नाही. निवड समितीतला माणूस भेट देतो तेव्हा ती भेट नसते. सट्टेवाला देतो तेव्हा तो सौदा असतो. दुसऱ्या कॉलेजातून चढाईपटू फोडून आणण्यासाठी अकादमीवाला देतो तेव्हाही सौदाच असतो. हे थांबलंच पाहिजे. पण ते थांबवायला सगळ्यांचे हात बांधायची गरज काय? सरकारी नोकरासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत. लग्नकार्यात, रीतीप्रमाणे जवळच्यांनी दिलेली भेट त्यात चालते. ठरावीक रकमेच्या वर गेली की सरकारला कळवावी लागते. जो माणूस फाइलीवर सही करतो, ज्याच्या लेखणीने कुणाचं तरी नुकसान किंवा फायदा होऊ शकतो, त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो आणि फक्त कळवायला सांगतो. वीस वर्षांच्या धावपटूवर मात्र विश्वास नाही. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याला सवलत आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर संशय, हे उलटं नव्हे का?

संशयाच्या वाटेने पार टोकापर्यंत जाऊन परत आलेला एक देश आपल्यासमोर आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएए या संघटनेने खेळाडूंच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या भेटींवर कित्येक दशकं कडक नियम लावले. स्टेडियम लाखोंनी भरत होती, टीव्हीचे करार अब्जावधींचे होत होते, प्रशिक्षक कोट्यधीश होत होते. फक्त खेळाडूच्या आईने कुणाकडून विमानाचं तिकीट घेतलं तर तो गुन्हा ठरत होता. रेजी बुश या फुटबॉलपटूच्या आई-वडिलांना राहायला घर आणि इतर मदत मिळाल्याच्या प्रकरणावरून 2010 मध्ये त्याची कॉलेज फुटबॉलमधली मानाची हाइझमन ट्रॉफी गेली. पुढे काय झालं? 2015 मध्ये त्याच संघटनेने बास्केटबॉलच्या अंतिम चार संघांतल्या खेळाडूंच्या घरच्यांना प्रवासासाठी 3,000 डॉलरपर्यंत आणि अंतिम सामन्याला पोचलेल्यांना 4,000 डॉलरपर्यंत द्यायला सुरुवात केली. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायला मोकळीक मिळाली. 2024 मध्ये बुशची ट्रॉफी परत दिली. जून 2025 मध्ये तर विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. इतकी वर्षं जो नियम नीतीचा म्हणून सांगितला, तो त्यांनाच मोडावा लागला. त्यांनी शेवटी जे मान्य केलं ते आपण सुरुवातीलाच मान्य करू शकतो. त्यासाठी त्यांच्या चुकांची आधी नक्कल करायची काय गरज?

चौथा मुद्दा सवलतींचा. खेळाडूंना नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, वाढीव गुण आहेत, मग आणखी किती द्यायचं, असा प्रश्न येतो. हा प्रश्न करणारे एक गोष्ट विसरतात. आरक्षण शिडीच्या वरच्या टोकाला आहे. तिथे पोचायला खालच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि खालच्या पायऱ्यांवर तिकिटाचे पैसे लागतात. ज्याच्याकडे तिकीट नव्हतं त्याला वरची सवलत काय कामाची? उलट खालचा रस्ता महाग ठेवून वर बक्षीस टांगलं की काय होतं तेही राज्याने पाहिलं आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर लोक सरकारी नोकरीत शिरल्याचं प्रकरण उघड झालं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी न खेळता कागद मिळवला. ज्यांच्याकडे नव्हते ते खेळूनही मागे राहिले. प्रामाणिक खेळाडूचा रस्ता स्वस्त करणं हाच बोगसगिरीवरचा खात्रीचा उपाय आहे.

रेल्वेचंही तेच. स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वे भाड्यात मोठी सूट देत असे. करोनाच्या निमित्ताने मार्च 2020 मध्ये ज्या सवलती बंद झाल्या त्यांत ती सूटही गेली. आणि सूट होती तेव्हाही जुन्नर-आंबेगावच्या खेळाडूला ती पुणे स्टेशनपासून पुढेच लागू होती, कारण या दोन तालुक्यांत रेल्वेच नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे तिचा मार्ग बदलायची वेळ आली आहे, आणि इथला खेळाडू अजून एसटीच्या फलाटावर उभा आहे. भरमसाट सवलतींच्या गप्पा मारण्याआधी हा फलाट पाहून यावा.

पाचवा मुद्दा, आणि बैठकांत शेवटी हाच उरतो : पैसे कुठून आणायचे? एकाला दिलं की सगळे मागतील. त्याचं सरळ उत्तर असं. प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी जिमखाना शुल्क घेतलं जातं. मैदानावर कधीही न उतरणारा मुलगाही ते भरतो. त्या शुल्कातून काय होतं हे विचारायचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. आणि सगळे मागतील हे खरंच नाही. आंतरविभागीय पातळीच्या पुढे जाणारे खेळाडू एका कॉलेजात बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांतल्या गरजू घरांतल्या एकेका पालकाचं एसटीचं किंवा स्लीपरचं भाडं आणि दोन वेळचं जेवण, एवढीच मागणी आहे. एखाद्या स्नेहसंमेलनातल्या मंडपाचा आणि साउंड सिस्टिमचा खर्च काढून बघा, आणि मग सांगा की पैसे नाहीत. पैसे असतात, ते कुणावर खर्च करायचे हा निवडीचा प्रश्न असतो, आणि आपण दरवर्षी चुकीची निवड करतो.

शिवाय पैसे किती, याइतकंच पैसे कधी, हेही महत्त्वाचं आहे. बऱ्याच ठिकाणी खेळाडूचा हक्काचा भत्ताही आधी खर्च करा, बिलं जोडा आणि मग वाट पाहा, अशा रीतीने मिळतो. ज्या घरात महिनाअखेरीला हजार रुपये शिल्लक राहत नाहीत त्या घराने कॉलेजला उसने पैसे द्यायचे, असा याचा अर्थ होतो. एसटीच्या कंडक्टरला पुढच्या महिन्यात भाडं देतो असं सांगून गाडीत बसता येत नाही. मदत द्यायची तर ती निघण्याआधी हातात पडायला हवी. परतल्यावर तीन महिन्यांनी आलेल्या चेकने त्या दिवशीची गाडी मिळत नाही.

उरला तो 'आम्ही अनवाणी खेळलो' हा शेवटचा बाण. ज्यांनी अनवाणी खेळून नाव काढलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या शेजारी त्याच मैदानावर अनवाणी धावणारी आणखी दहा मुलं होती. ती कुठे गेली? एकाला खड्डे खणायच्या कामावर जावं लागलं, एकीचं लग्न झालं, एकाच्या बापाने ऐन स्पर्धेच्या दिवशी भाताला माणूस नाही म्हणून नको म्हटलं. ती बोलायला उरली नाहीत, म्हणून अनवाणी खेळणं सोपं वाटतं. जो टिकला त्याच्या कष्टाचा नियम करायचा आणि जे गळाले त्यांना मोजायचंच नाही, याला आपण परंपरा म्हणतो. सर्वांत जास्त गळतात त्या मुली, आणि त्या कमी पडल्या म्हणून नाही. बरोबर जायला कुणी नव्हतं आणि जाणाऱ्याचं भाडं नव्हतं, म्हणून.

तेव्हा नियम करायचेच असतील तर हे करा. आंतरविभागीय स्पर्धेपासून पुढे प्रत्येक गरजू खेळाडूमागे एका पालकाचं भाडं आणि जेवण कॉलेजने व विद्यापीठाने द्यावं, आणि निघण्याआधी द्यावं. मुलींच्या बाबतीत हे पहिल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून लागू करावं. बूट, कपडे, खुराक, रोख रक्कम, जे कुणी जे काही देईल ते कॉलेजच्या एका नोंदवहीत देणाऱ्याच्या नावासकट लिहावं आणि ती वही कुणालाही पाहता यावी. निवड समितीतल्या माणसाकडून, स्पर्धेच्या पंचाकडून आणि कॉलेज बदलण्याच्या अटीवर काहीही घेऊ नये. घेतलं तर देणाऱ्यावर आधी कारवाई व्हावी. एवढे चार नियम पुरेसे आहेत. यांत चोरी करायला जागा नाही आणि मदत करायला अडथळा नाही.

याला विरोध करणाऱ्यांनी एवढंच स्पष्ट करावं : त्यांना खेळ स्वच्छ हवा आहे, की फक्त स्वस्त हवा आहे? स्वच्छ हवा असेल तर वही उघडी ठेवा आणि हात मोकळे सोडा. स्वस्त हवा असेल तर तसं उघड म्हणा, आणि त्याला निष्ठेचं नाव देऊ नका. निष्ठा तर आहुप्याच्या, इंगळूनच्या, घाटघरच्या घरांनी आधीच दाखवली आहे. रोज बुडवून, हिरडा विकून, पहिल्या गाडीने जाऊन दाखवली आहे. या मुलांच्या खेळाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा प्रायोजक त्यांचं घर आहे. त्या घराला एक तिकीट देणं हे उपकार नाहीत, ती वर्षानुवर्षांची थकबाकी आहे. ती कॉलेजांनी आणि विद्यापीठाने फेडली पाहिजे, आणि याच मोसमापासून फेडायला सुरुवात केली पाहिजे.